पाप करायचं आणि फादरला सांगून मोकळं व्हायचं, असंच असतं का कन्फेशन?

तुम्ही विचारलंय की ख्रिश्चन माणूस काहीही करून फादरला सांगतो आणि सुटतो, हे खरं का. आणि ख्रिश्चन नसलेल्या माणसाला कन्फेशनला जाता येतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो.

पहिला प्रश्न मला ऑफिसात दर वर्षी गुड फ्रायडेच्या आसपास कोणीतरी विचारतंच. "तुमचं बरंय राव, फादरला सांगितलं की खातं साफ!" मी वसईचा कॅथलिक. घरातली जुनी माणसं याला कुमसार म्हणायची, चर्चच्या पुस्तकात प्रायश्चित्त संस्कार असं नाव आहे.

माझं पहिलं कन्फेशन नवव्या वर्षी झालं, पहिल्या कम्युनियनच्या आधी. (कम्युनियन म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत येशूचं शरीर मानून पवित्र भाकर घेणं.) सांगायला पापच सापडेना. शेवटी रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाकडून एक उसनं घेतलं. लाकडी जाळीपलीकडे फादरचा नुसता कान दिसत होता. त्या कानाला मी सांगितलं की शेजारच्या वाडीतले पेरू चोरले. पेरू त्या मुलाने चोरले होते. म्हणजे आयुष्यातल्या पहिल्याच कन्फेशनमध्ये मी खोटं बोललो, आणि तेवढं एकच खरं पाप सांगायचं राहिलं.

आता नियम. वर्षातून निदान एकदा कन्फेशन करायचं हे १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ठरवलं. आजच्या नियमात ती सक्ती गंभीर पापांपुरती आहे. सांगण्याआधी स्वतःला तपासायचं, खरोखर वाईट वाटलं पाहिजे, पुन्हा न करण्याचा निश्चय पाहिजे. पश्चात्तापच नसेल तर फादरने उच्चारलेले क्षमेचे शब्द लागू होत नाहीत. म्हणजे 'सोमवारी परत करीन' असं मनात ठेवून शनिवारी गेलात, तर रांगेत फुकट उभे राहिलात. पैशाचा संबंध नाही. पापाची शिक्षा माफ करून देणारी पत्रं पूर्वी युरोपात विकली गेली आणि त्यावरूनच १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने वाद पेटवला, पण तो इतिहास वेगळा. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, अगदी पोलिसांनाही. फोडलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. हे बंधन त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

वडील गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक ठेव होती, एक लाख वीस हजारांची. नॉमिनी मी. मोठ्या बहिणीला सांगितलंच नाही. ती सासरी सुखात आहे, मीच तर बाबांचं सगळं केलं, अशी स्वतःची समजूत घातली. असं पाप मनात ठेवून कम्युनियन घ्यायचं नसतं, म्हणून दोन वर्षं त्या वेळी बाकावर बसून राहायचो, बायकोला सांगायचो गुडघा दुखतोय. बायबलमध्ये दावीद राजा म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. गुडघ्याचं कारण अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.

शेवटी ईस्टरआधीच्या उपवासकाळात कन्फेशनला गेलो. मी बरीच प्रस्तावना केली. फादरनी मधेच विचारलं, "पैसे खर्च झाले की आहेत?"

"आहेत."

"मग आधी इकडे कशाला आलास?"

रविवारच्या आत निम्मे पैसे तिच्या हातात देईन असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि मगच पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने क्षमा उच्चारली. क्षमा खरीच, पण चोरलेलं कपाटात ठेवून ती मिळत नाही. जक्कय नावाचा जकातदार येशूला काय म्हणतो बघा: कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मला निम्म्यावर सोडलं, ही मेहेरबानीच.

शनिवारी संध्याकाळी बहिणीकडे गेलो. ती ओट्याशी करंदी सोलत उभी होती. पाकीट ठेवलं, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. सालं एका बाजूला, करंदी एका बाजूला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा दवाखान्यात होते तेव्हा तू माझ्याकडून निम्मा खर्च घेतलास. मी भिशी उचलून दिला. तेव्हा ही ठेव होती ना?"

होती. हे मी फादरला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, मला ते आठवलंच नव्हतं. दोन वर्षं पाप मोजत होतो आणि त्यातलं सगळ्यात टोचणारं माझ्या मोजणीतच नव्हतं. पुढच्या आठवड्यात परत रांगेत उभा राहिलो. भिशीचे पैसे दिवाळीपर्यंत फेडले. तिने मोजून घेतले. 'जाऊ दे' असं ती अजून म्हणालेली नाही. नाताळात फराळाचा डबा येतो, नेवऱ्या पूर्वीइतक्याच असतात. मी विचारत नाही.

माझी बायको नगरकडची, प्रॉटेस्टंट. त्यांच्याकडे जाळी नाही, कान नाही. प्रभुभोजनाआधी (त्यांचं कम्युनियन) सगळी मंडळी मिळून पापांगीकार म्हणते, बाकीचं ज्याचं त्याने देवाशी बोलायचं. ती म्हणते, देव ऐकतो तर मधे माणूस कशाला? मी याकोबाच्या पत्राचा दाखला देतो: आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. ती म्हणते, "एकमेकांजवळ ना? मग फादर तुझ्याजवळ करतो का?" (फादर दुसऱ्या फादरकडे करतात, पोपही करतात. पण मुद्दा तिचाच बिनतोड आहे.)

तिच्या माहेरच्या जुन्या मराठी बायबलमध्ये मला एक शब्द सापडला. आपण 'पाप कबूल करणं' म्हणतो. तिथे योहानाच्या पत्रात 'आपली पापे पदरी घेतली' तर देव क्षमा करील असं आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण 'तेच म्हणणं' असा होतो. भाषांतर करणाऱ्याने मात्र पदर पुढे केला. लोक म्हणतात फादरच्या पदरात टाकून मोकळे होता. आमच्या पुस्तकात पदर आपलाच आहे. बहीण जे बोलली तेच मला बोलता आलं, तेव्हा कुठे माझं पदरी घेणं झालं, आणि त्यासाठी दुसऱ्यांदा रांग लावावी लागली.

आता तुमचं. कन्फेशनचा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच आहे, त्यामुळे फादर तुमच्यावर क्षमेचे शब्द उच्चारणार नाहीत. पण नुसतं बोलायचं असेल तर बहुतेक फादर नाही म्हणत नाहीत. आधी सांगा की मी ख्रिश्चन नाही, आणि चर्चच्या ऑफिसात वेळ विचारून जा. ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, रांग दरवाज्याबाहेर जाते. आणि मामला कुणाच्या पैशांचा असेल, तर पहिला प्रश्न काय येणार ते तुम्हाला आता माहीत आहे.