विकायला काढलं की आवड मरते का?

"मॅडम, छंदाचा धंदा केला की आवड मरते म्हणतात. खरं आहे का?"

विचारणारी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली, तिशीतली, एका ऑफिसात हिशेब बघणारी. गेली नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून शहरात भटकायची आणि फोटो काढायची. जिने, गंजलेल्या ग्रिल, पाऊस थांबल्यावर डबक्यात उतरलेले दिवे. या फोटोंवर छोटासा जोडधंदा उभा करायचं तिच्या मनात होतं. कॅमेरा मात्र तीन महिने कपाटात पडून होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न मला गाणाऱ्यांकडून, विणणाऱ्यांकडूनही वरचेवर ऐकू येतो. म्हणूनच बहुधा मी सवयीचं उत्तर देऊन टाकलं: आवडीच्या कामाचा शीण येत नाही. ती गप्प झाली. आधी विचारायला हवं होतं ते मग विचारलं. कॅमेरा कपाटात गेला, त्या सुमारास काय घडलं होतं?

एका बांधकाम व्यावसायिकाचं माहितीपत्रक. पैसे मिळालेलं पहिलंच काम. आभाळ निळं करा, विजेच्या तारा पुसा, फुटपाथवर माणसं नकोत. "मला तर त्या ताराच आवडतात हो," ती म्हणाली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

मी तिला 1973 चा एक प्रयोग सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या एक-दोन आठवड्यांत, मोकळ्या वेळी, आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं चित्रांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. बालवाडीचा निष्कर्ष मोठ्यांच्या धंद्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण तिला त्यातलं हवं ते नेमकं सापडलं. "म्हणजे आधी काढायचा, मग विकायचा?"

तेच. भटकंती पूर्वीसारखीच, कुणासाठी नाही. विक्री जुन्या साठ्यातून. सांगून करून घेतलेलं काम घ्यायचंच तर त्याचा दिवस वेगळा. यूजीन अ‍ॅजे (1857–1927) जुन्या पॅरिसचे फोटो काढून चित्रकार, कारागीर, ग्रंथालयं आणि संग्रहालयांना विकायचा. 1920 मध्ये त्याने सुमारे 2,600 निगेटिव्ह फ्रेंच सरकारला 10,000 फ्रँकना दिल्या. त्याच्या गल्ल्या, दुकानांच्या काचा आज बघाव्यात. पैशांनी काही बिघडल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या भेटीला चाळीस फोटो आणून दोन गठ्ठे करायला सांगितलं: विकेन, विकणार नाही. दुसऱ्यात सातच पडले. मग ती कामाला लागली असं लिहायला आवडलं असतं, पण पाच आठवडे नियम शोधण्यात गेले. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीत वापरायचा तर त्या माणसाची लेखी संमती घ्यावी, हे बरोबरच. पण तिच्या जिन्यांवर माणूसच नव्हता! मी तसं म्हटल्यावर ती ओशाळली. भीती पुष्कळदा अभ्यासाचं सोंग घेऊन येते.

उपयोगाचा अभ्यासही होता. 12 बाय 18 इंचाची सुबक प्रिंट इंचाला 300 ठिपक्यांनी काढायची, तर 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण 19 मेगापिक्सेल. कापून कापून लहान केलेले तिचे बरेच फोटो इथेच गळले.

खरी गाठ किमतीची होती. तिने कागद आणि फ्रेम धरली. तुटफूट, पॅकिंग, दुकानांच्या खेपा आणि स्वतःचे तास सोडून दिले. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी बाई! "माझा तर छंदच आहे ना." मी गिऱ्हाईक झाले. ती आकडा सांगायची आणि त्याच श्वासात "पण कमी करता येईल" जोडायची. आकडा सांगून थांबायचं, एवढंच आम्ही तीन भेटी घोटलं. तिला ती शांतता असह्य व्हायची. ती कधी टेबलावरचा पेन उचलायची, कधी खिडकीबाहेर बघायची.

सहा महिन्यांत अकरा प्रिंट विकल्या गेल्या. नोकरी चालूच आहे, आणि ती सोडायचा विषय आम्ही काढलाही नाही. एका दवाखान्याने प्रतीक्षा-कक्षासाठी चार मागितल्या आहेत.

शेवटच्या भेटीत त्या सात फोटोंतला ओला जिना मला फार आवडला. केवढ्याला, मी खरंच विचारलं.

"तो विकायचा नाही, मॅडम," ती म्हणाली, आणि थांबली.