लेन्स पडली, आता विमा काढू का?

सांगलीच्या एका वाचकाचा प्रश्न: ‘मी लग्नांचे फोटो काढतो. हळदीच्या गडबडीत 70-200 लेन्स हातातून सुटली, दुरुस्तीला 32,000 गेले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. आता साडेचार लाखांच्या सामानाचा ‘ऑल रिस्क’ विमा काढू (हप्ता जीएसटीसकट 10,620, प्रत्येक दाव्यात पहिले 10,000 माझे), की पाचही लेन्सना यूव्ही फिल्टर लावू (17,500)? कॅमेऱ्याच्या कर्जाचे 14 हप्ते बाकी आहेत. एक 85 एमएम लेन्स बिलाशिवाय, सेकंडहँड घेतली आहे.’

आधी फिल्टरचं, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या काचेचं, बघू. हळद, अक्षता, पाणी यांच्यापासून तो वाचवतो. पडण्यापासून फारसा नाही. पातळ काच आधी फुटते, तुकडे भिंगावरच ओरखडे पाडतात, आणि फिल्टरची कडी चेपली की लेन्सच्या आट्यांत रुतून बसते. शिवाय दीड किलोची लेन्स पडली की मार आत बसतो. माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायचा भाग) वाकतो, भिंगं जागची हलतात, फोटोची एक बाजू धूसर येते. त्याला पुढची काच काय करणार? लेन्सबरोबर फुकट आलेलं हूड, म्हणजे पुढे लावायची झडप, धक्का खातं, पण निम्मे फोटोग्राफर ते उलटं लावून फिरतात! हळदीला वापरता त्या दोन लेन्सना फिल्टर घ्या. 10,500 वाचले.

आता विमा. या अपघातात तुम्हाला जास्तीत जास्त 22,000 मिळाले असते, सुट्या भागांचा घसारा (जुनेपणाची घट) कापला तर त्याहून कमी. म्हणजे हप्ता वसूल व्हायला दर दोन वर्षांनी लेन्स पडायला हवी. त्यासाठी विमा नको. पण अख्खी बॅगच चोरीला गेली तर? कर्जाचे हप्ते चालू, हातात कॅमेरा नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. तो फटका तुम्हाला पेलणार नाही. म्हणून विमा काढाच, पण बॅगेसाठी. पहिले 25,000 स्वतः सोसायची तयारी दाखवून हप्ता किती उतरतो ते विचारा, आणि 40,000 वेगळ्या एफडीत ठेवा. लेन्स पडली तर ते वापरा.

सही करण्याआधी अटी वाचा. उभ्या गाडीत, कोणी नसताना ठेवलेल्या सामानाची चोरी बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, आणि लग्नात बॅग तिथेच असते. हप्ता वाचवायला साडेचार लाखांच्या सामानाचा विमा तीन लाखांचाच काढलात तर प्रत्येक दाव्याचा तिसरा हिस्सा कापला जाऊ शकतो. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर यादीत हवा. दावा करायचा असेल तर सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहिल्याशिवाय दुरुस्तीला टाकू नका.

आणि ती 85 एमएम बिलाशिवाय, सेकंडहँड घेतलीय म्हणता. ती यादीत घालण्याआधी कंपनीकडून लेखी होकार घ्या. नाही मिळाला तर तिची रक्कम वगळूनच हप्ता भरा.