मेल आर्काइव्ह झाले म्हणजे गेले असं नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोरिंग करून पुढं पाठवतो. ऑफिसचं सगळं थोरले भाऊ बघायचे. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हापासून मेलचं काम माझ्याकडं आलं. आता शिरोलीच्या एका पार्टीबरोबर दरावरून वाद लागलाय. २०२१ सालात भावानं मेलवरच दर ठरवून घेतला होता आणि त्यांचं ‘ओके’ आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण आउटलुक उघडलं तर इनबॉक्समध्ये सात महिन्यांच्या मागचं काही नाही, आणि ‘सेंट आयटम्स’मध्ये तर जेमतेम तीन महिन्यांचं आहे. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर बदलला. दुकानदार म्हणतो, “ऑटो आर्काइव्ह झालं असणार. ते गेलं, विसरा आता.” खरंच गेलं का? दराचं तर आहेच, पण भावानं लिहिलेलं आमच्याकडं दुसरं काही नाही.
— एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : दादा, विसरू नका. आधी तो जुना कॉम्प्युटर आज कुठं आहे ते बघा. एक्स्चेंजमध्ये दिला असेल तर हे वाचून झाल्या झाल्या दुकानात फोन लावा आणि निदान त्यातली हार्ड डिस्क काढून ठेवायला सांगा. घरीच असेल तर त्याला कुणाला हात लावू देऊ नका, पोरांना गेम खेळायलासुद्धा देऊ नका. बाकीचं सगळं यानंतर.

तुम्ही सात महिने आणि तीन महिने असं मोजून लिहिलंत ते फार चांगलं केलंत. त्यावरूनच मला आशा वाटते. ऑटो आर्काइव्ह एकदा चालू केलं की मूळ सेटिंगप्रमाणे ते दर १४ दिवसांनी आपोआप चालतं. इनबॉक्समधले सहा महिन्यांहून जुने मेल ते उचलतं. ‘सेंट आयटम्स’ आणि ‘डिलीटेड आयटम्स’मधले मात्र दोन महिन्यांतच उचलतं. कॉम्प्युटर बदलून महिना झाला, तो यात धरा. सहाचे सात, दोनाचे तीन. हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणजे मेल कुणी पुसले नाहीत, व्हायरसनंही खाल्ले नाहीत. नेमून दिल्याप्रमाणे ते दुसऱ्या एका फाइलमध्ये हलवले गेलेत.

त्या फाइलचं नाव बहुतेक ‘आर्काइव्ह डॉट पीएसटी’ असतं, आणि ती सर्व्हरवर नसते. ज्या कॉम्प्युटरवर ऑटो आर्काइव्ह चाललं त्याच्याच डिस्कवर ती राहते. तुमच्या दुकानदारानं चालू मेलची फाइल उचलून नव्या कॉम्प्युटरवर आणली, म्हणून अलीकडचे मेल दिसतात. आर्काइव्हची फाइल मागं राहिली. मी बरीच वर्षं इथल्याच एका फाउंड्रीच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळलाय, आणि कॉम्प्युटर बदलल्यावर नेमकी हीच फाइल मागं राहते हे पुष्कळदा बघितलंय. ती शोधायला फार तर दोन तास लागतात. ते न घालवता कुणाला सरळ ‘गेलं’ म्हणून सांगणं मला अजिबात पटत नाही. छोट्या कारखान्यांत लेखी करार कुणी करत नाही. दर, ड्रॉइंगमधले बदल, रिजेक्शनची बोलणी, सगळं मेलवरच असतं.

आता शोधायचं कसं ते सांगते. दुकानदारानं डॉक्युमेंट्स फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर आणलं असेल तर आधी तिथंच बघा. अलीकडच्या आउटलुकमध्ये ही फाइल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असते, त्यामुळं ती तुमच्या नकळत आलेलीही असू शकते. तिथं नसेल तर जुनी डिस्क बघायला हवी. आउटलुक जुनं असेल तर फाइल ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘आउटलुक’ अशी आत दडलेली असते, आणि ‘ॲपडेटा’ हे फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. डेटा कॉपी करणाऱ्याला ते दिसतच नाही, म्हणून राहून जातं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘हिडन आयटम्स’वर खूण करा म्हणजे दिसेल. याहून सोपं म्हणजे सी ड्राइव्ह उघडा, वर उजवीकडच्या शोधचौकटीत स्टारचं चिन्ह, मग टिंब, मग पी-एस-टी ही तीन इंग्रजी अक्षरं टाका आणि थांबा. सी झाल्यावर डी ड्राइव्हवरही हेच करा. आपल्याकडं बरेच जण जागा नाही म्हणून फाइल डी ड्राइव्हवर टाकतात.

एकापेक्षा जास्त फाइली सापडल्या तर नावावर जाऊ नका, आकार बघा. दोन-तीनशे केबीची फाइल म्हणजे रिकामी. तुमच्या भावाच्या इतक्या वर्षांच्या मेलची फाइल, ड्रॉइंगच्या जोडण्यांसकट, कित्येक जीबीची असणार.

सापडल्यावर लगेच उघडायची नाही. आउटलुक बंद करा आणि आधी तिची एक प्रत काढा. पेन ड्राइव्हवर ‘फाइल टू लार्ज’ असं आलं तर घाबरू नका. बाजारातले पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या, किंवा पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. एक प्रत तशीच बाजूला ठेवा, दुसरी नव्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्हवरून किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरून ती थेट उघडू नका, मध्येच तार निघाली तर फाइल बिघडते.

मग आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ असं जा आणि ती प्रत निवडा. डाव्या बाजूला खाली ‘आर्काइव्हज’ असं नाव येईल, त्याखाली पुन्हा इनबॉक्स, सेंट आयटम्स. हे सगळं क्लासिक, म्हणजे पूर्वीपासूनच्या आउटलुकमध्ये करा. नव्या कॉम्प्युटरवर ‘न्यू आउटलुक’ दिलं असेल तर त्यात ऑटो आर्काइव्ह ही सोयच नाही.

शोध टाकल्यावर सुरुवातीला काहीच आलं नाही तरी मेल नाहीत असं समजू नका. नव्यानं जोडलेल्या फाइलची सूची तयार व्हायला वेळ लागतो, मोठी असेल तर रात्रभरसुद्धा. तोवर तारखेच्या रकान्यावर क्लिक करून २०२१ पर्यंत हातानं खाली जा. शोधताना शब्द टाकू नका. शिरोलीच्या पार्टीचा मेल पत्ता टाका, नाही तर ड्रॉइंग नंबर. ‘रेट’, ‘कन्फर्म’ असलं काही टाकलंत तर शेकडो मेल येतील आणि हवा तो हाताला लागणार नाही.

फाइल उघडताना ‘एरर’ आली तर आउटलुकबरोबरच दुरुस्तीचं एक साधन येतं, ‘स्कॅन पीएसटी’ नावाचं. आउटलुक चालू असताना लाइट गेली की फाइल अशी बिघडते, आणि आपल्या उद्यमबागेत लाइट कशी जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. ते साधन मूळ फाइलीवर कधीच चालवू नका, प्रतीवर चालवा.

आता वाईट शक्यताही सांगायला हव्यात. ऑटो आर्काइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मूव्ह’ आणि ‘परमनंटली डिलीट’ असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडलेला असेल तर मेल कुठंही हलत नाहीत, पुसलेच जातात. जुन्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ इथं जाऊन बघता येईल. आणि दुकानदारानं जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्याला दिली असेल तर ती कसली आहे त्यावर सगळं अवलंबून. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर नवीन काही फारसं लिहिलं गेलं नसेल, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडून बरंच परत मिळू शकतं. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क असेल तर पुसलेली जागा ती स्वतःच लवकर साफ करते, तिथं मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

तसं झालं तरी वाटा संपत नाहीत. तुमचा मेल पत्ता कंपनीच्या नावाचा असेल तर ज्यांच्याकडून तो घेतलाय त्यांच्या वेबमेलवर लॉगिन करून बघा. सर्व्हरवर प्रत ठेवायची सेटिंग भावानं केली असेल तर सगळं तिथं मिळेल. भावाचा जुना फोन सुरू करून बघा. तुमच्या सीएंना विचारा, दराचे मेल त्यांना सीसीत जायचे का. मालाची गाडी ठरवताना ट्रान्स्पोर्टवाल्याला तो मेल पुढं पाठवला होता का, तेही बघा.

मेल सापडला की त्याची प्रिंट काढून लगेच पार्टीच्या पुढ्यात टाकू नका. तो इनबॉक्समध्ये ओढूनही आणू नका, आहे तिथंच राहू द्या. वाद पुढं कोर्टात गेला तर इलेक्ट्रॉनिक पुरावा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतो, आणि प्रिंटबरोबर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ती नोंद कुठल्या यंत्रावरची, हेही त्यात लिहावं लागतं. म्हणून जुना कॉम्प्युटर काम झालं तरी भंगारात घालू नका. पुढचं तुमचे वकील सांगतील, त्यांना फाइल सापडली त्या दिवशीच भेटा. एरवीसुद्धा जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची आहेत. खरेदी-विक्रीची बिलं मेलवरच येत असतील तर ते मेलही तितके दिवस हाताशी असलेले बरे.

नव्या कॉम्प्युटरवर ऑटो आर्काइव्ह आजच बंद करा. ‘रन ऑटो आर्काइव्ह एव्हरी’ या ओळीपुढची खूण काढली की झालं.

आणि दादा, भावानं लिहिलेले मेल फक्त दराचे नसतील. फाइल उघडल्यावर घाई करू नका. घरातल्यांना जे दाखवावंसं वाटेल ते वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, आणि त्याची एक प्रत वहिनींकडं द्या.

प्रश्न : आमचं निपाणीत तंबाखूच्या व्यापाराचं ऑफिस आहे. आउटलुकमध्ये काम करताना चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि समोरचा मेल नाहीसा झाला. ट्रॅशमध्येही नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुतेक बॅकस्पेस दाबलं गेलंय. अलीकडच्या आउटलुकमध्ये यादीतला मेल निवडून बॅकस्पेस दाबलं की तो ‘आर्काइव्ह’ फोल्डरमध्ये जातो. हे फोल्डर तुमच्या मेलबॉक्समध्येच डावीकडं असतं, वरच्या प्रश्नातल्या फाइलीशी त्याचा संबंध नाही. तिथून मेल ओढून इनबॉक्समध्ये आणा. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल आणि झेड दाबलं तरी परत येतो.

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामीण साहित्य संमेलनाच्या समितीत काम करते. पाहुण्यांशी झालेला पत्रव्यवहार जीमेलवर आहे. फोनवर मेल बोटानं बाजूला सारले की ते जातात, आणि आता गेल्या वेळच्या अध्यक्षांचं भाषण सापडत नाही. त्याआधीचं सगळं तर आमच्या जुन्या सेक्रेटरींच्या खात्यावर आहे, ते आता पुण्याला मुलाकडं असतात.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, जीमेलमध्ये आर्काइव्ह म्हणजे मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला होतो, खात्यातच राहतो. डावीकडच्या तीन रेघांवर बोट ठेवा, खाली ‘ऑल मेल’ आहे, तिथं सगळं मिळेल. पाहुण्यांचं नाव देवनागरीत टाकून सापडलं नाही तर त्यांचा मेल पत्ता टाका. भाषणाची फाइल जुन्या मराठी फाँटमधली असेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. ती बिघडलेली नसते. तो फाँट असलेल्या डीटीपीवाल्याकडं नेलीत की वाचता येईल. मेल चुकून डिलीट झाला असेल तर तो ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहतो, तेव्हा तिथं आधी बघा.

मला जास्त काळजी सेक्रेटरी काकांच्या खात्याची वाटते. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय, आणि खातं गेलं की मेल, फोटो, ड्राइव्हमधल्या फाइली सगळंच जातं. काकांना आजच फोन करा. पासवर्ड आठवत नसेल तर खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून त्यांच्याकडं आहे का ते आधी विचारा. कर्नाटकातला नंबर सोडून पुण्याचा घेतला असेल तर ओटीपी येणार नाही, मग पर्यायी मेल पत्त्यावरून प्रयत्न करावा लागेल. लॉगिन झालं की त्यांच्या मुलाला ‘गूगल टेकआउट’ उघडायला सांगा. त्यात फक्त ‘मेल’वर खूण ठेवून सगळे मेल एकत्र उतरवून घेता येतात. ती फाइल मोठी असेल, तेव्हा मेलनं मागवू नका. पुण्याहून कुणी गावाकडं येणार असेल त्याच्या हाती पेन ड्राइव्ह द्यायला सांगा, आणि आल्यावर समितीच्या कॉम्प्युटरवर एक प्रत, ग्रंथालयात एक प्रत ठेवा.