वाचकांचे प्रश्न : चेहरा उजळला, आकाश हरवले

प्रश्न : संगणकावर छायाचित्रांचे संपादन मी नुकतेच शिकू लागलो आहे. सावलीतला चेहरा उजळण्यासाठी ब्राइटनेस वाढवला, की मागचे आकाश पांढरेफटक होते. माझे काय चुकते?

उत्तर : नेहमीच्या जेपेग छायाचित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाची तीव्रता ० ते २५५ या अंकांत साठवलेली असते. ब्राइटनेस वाढवताना सगळेच अंक वर सरकतात आणि आधीच २४० च्या आसपास असलेले आकाशाचे अंक २५५ ला जाऊन थडकतात, त्यामुळे ढगांमधला फरकच पुसला जातो. त्याऐवजी गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही असलेले ‘कर्व्ह्ज’ हे साधन वापरावे आणि त्यातील आलेखाच्या तिरप्या रेषेची दोन्ही टोके जागेवर ठेवून गडद बाजूकडचा भाग किंचित उचलावा. तेवढ्याने भागले नाही, तर उजळलेल्या लेयरला (मूळ चित्रावर थरासारख्या ठेवलेल्या त्याच्या उजळ प्रतीला) मास्क, म्हणजे झाकणी, जोडून हा बदल चेहऱ्यापुरता ठेवता येतो. नवशिके मास्कला उगीच घाबरतात. काळा रंग फिरवला तेथे बदल झाकला जातो, पांढरा फिरवला तेथे दिसतो, एवढेच त्याचे तंत्र. काम संपेपर्यंत मात्र फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात साठवावी, कारण जेपेग दर वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावला जातो.