बॉम्बच बनवायला लागतात का?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. पप्पा म्हणतात पुण्याला आयटीत जा, मावशी म्हणते सरकारी नोकरी सोडू नको, आणि तू विचारतेस, काका, बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात गेल्यावर बॉम्बच बनवायला लागतात का. हसू आलं, पण प्रश्न बरोबर आहे.

लॅब म्हटलं की लोकांना पोखरण आठवतं. पण १९९८ नंतर आपण स्वतःहून चाचण्या थांबवल्या, मग जे बॉम्ब ठेवलेत ते उद्या चालतील का हे सांगणार कोण? अमेरिकेनं शेवटची चाचणी १९९२ ला केली, आणि तिथं लॉस अलामोस, लिव्हरमोर, सँडिया ह्या अण्वस्त्रांच्या तिन्ही लॅबचे डायरेक्टर दरवर्षी सरकारला लेखी देतात की साठा भरवशाचा आहे का, परत टेस्ट करायला लागेल का. एवढे कॉम्प्युटर, एवढे एक्सपेरिमेंट, शेवटी सगळं एका सहीवर येऊन थांबतं. तिथं साहेबाला आवडेल तेच लिहिणारा माणूस असला तर मग लॅब कशाला पाहिजे, शिक्के मारायला क्लार्क पुरे.

आपल्याकडं पण २००९ ला डीआरडीओतले के. संथानम उघड बोलले की ९८ चा हायड्रोजन बॉम्ब ठरल्याएवढा फुटला नाही, आणि अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम, अनिल काकोडकर ह्यांनी ते साफ खोडून काढलं. लई धुरळा उडाला. स्फोट एकच आणि त्याची मापं वाचणारे दोन. माझं मत विचारशील तर वाद झाला ते बरंच झालं, अकरा वर्षं उशिरा झाला एवढंच.

मापं वाचणं म्हणजे काय ते बघ. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आपलं अख्खं सोलापूर रस्त्यावर आलं होतं, आईला विचार. तसाच हादरा दुसऱ्या देशातून आला तर तो भूकंप का जमिनीखालचा अणुस्फोट? कर्नाटकात गौरीबिदनूरला बीएआरसीची यंत्रं हेच ऐकत बसलेली असतात. स्फोटात पहिली दाबाची लाट जोरात येते आणि मागनं येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लाटा त्या मानानं बारीक असतात, भूकंपात त्या मोठ्या येतात. मोठ्या स्फोटाला हे सोपं, बारक्याला डोकं फुटतं. हे काम पण देशाच्या सुरक्षेचंच, आणि ह्यात बॉम्ब कुठंय?

२०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट-६० चं, म्हणजे किरणोत्सर्गी धातूचं मशीन पोचलं, ते फोडलं, एक माणूस गेला. तेव्हा किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन गल्लीत शिरून तुकडे हुडकणारे असेच लोक होते. असलं भंगार आपल्या अक्कलकोट रोडला पण येऊ शकतं की.

आता तुझं. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे, एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांना एक वर्षाचा कोर्स, स्टायपेंड मिळतो. इंटरव्ह्यूत बेसिकच खोदतात, गाईडमधलं पाठ केलेलं दोन प्रश्नांत उघडं पडतं. पोलीस व्हेरिफिकेशन होतं. आणि केलेलं काम लग्नाच्या पंगतीत सांगता येत नाही, कधीकधी घरी पण नाही. ह्याचा त्रास होणार असला तर आत्ताच पुण्याची गाडी पकड, त्यात कमीपणा काही नाही.

पप्पांशी मी बोलतो. तू रविवारी चारनंतर ये, येताना एरर ॲनालिसिसची वही आण, ग्राफसकट. मागच्या वेळी एरर बार काढलेच नव्हतेस.

काका