इंजेक्शन देऊनही रोहूची मादी अंडी सोडत नसेल, तर दुसऱ्यांदा जास्त डोस द्यावा का? कुठल्या कंपनीचं हार्मोन चांगलं?

नाही, डोस वाढवू नका. कंपनीचं शेवटी सांगते.

हॅचरीतल्या माझ्या पहिल्याच हंगामात हेच घडलं. अकरा माद्यांना संध्याकाळी इंजेक्शन दिलं, सकाळ झाली तरी हौदात एक अंडं नाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, "औषध कमी पडलं, दीडपट द्या." मी म्हणाले, "सर, माद्याच तयार नाहीत." आदल्या दिवशी दोन माद्यांची थोडी अंडी बारीक नळीने काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. केंद्रक अजून मधोमध होतं. तयार अंड्यात ते कडेला सरकलेलं असतं. त्यांनी ऐकलं नाही. दीडपट दिलं. चार माद्यांची पोटं दगडासारखी घट्ट झाली, अंडी आतच अडकली, दोन दिवसांत चारही मेल्या. नोंदवहीत कारण लागलं, 'हाताळणीतील चूक'. हाताळणी माझी होती.

म्हणून ठासून सांगते, इंजेक्शन अंडी तयार करत नाही. अंड्यात बलक भरायला कित्येक आठवडे लागतात. अंडाशयातून इस्ट्रॅडिओल हे हार्मोन निघतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत व्हिटेलोजेनिन, म्हणजे बलकाचं प्रथिन, बनवतं, तेच रक्तातून अंड्यात साठतं. इंजेक्शनचं काम त्यानंतरच्या शेवटच्या टप्प्यापुरतं. तळ्यातल्या रोहूला पुराचं वाहतं पाणी मिळत नाही, त्यात मेंदूतलं डोपामाइन हे रसायन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला धरून ठेवतं, त्यामुळे तिच्यातून अंडी सोडायला लावणाऱ्या एलएच हार्मोनची लाट उसळतच नाही. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पिट्युटरीचाच अर्क टोचून भारतीय कार्पकडून, म्हणजे रोहूच्या कुळातल्या माशांकडून, अंडी मिळवली. आजच्या तयार औषधात पिट्युटरीला जागं करणारं, मेंदूतल्या जीएनआरएच हार्मोनसारखं द्रव्य असतं आणि डोपामाइनला अडवायला डोम्पेरिडोनसारखं औषध. पण एलएच आलं तरी अंड्याभोवतीच्या पेशींना त्याला उत्तर देता आलं पाहिजे. त्या पेशी तयार नसतील तर दीडपट काय, तिप्पट देऊन काय होणार?

हो, एक राहिलं. पाणी थंड असेल तर अंडी सुटायला जास्त तास लागतात, तेव्हा घाई करून 'फेल' म्हणू नका. आणि हे सगळं कार्पबद्दल. बऱ्याच समुद्री माशांत डोपामाइनची पकड ढिली असते, तिथे नुसतं जीएनआरएचही पुरतं.

कंपनी कुठलीही घ्या, दोन्ही घटक आहेत ना एवढं लेबलवर बघा आणि तिथे दिलेल्या डोसच्या पुढे जाऊ नका. त्याआधी नळीने अंडी काढून बघा. केंद्रक मधोमध दिसलं तर त्याच दिवशी तारखेसह नोंदवहीत लिहा आणि जास्त डोस द्यायला सांगणाऱ्याची खाली सही घ्या. मी फक्त तोंडी सांगितलं होतं.