इंग्लंडमध्ये कुत्र्यामांजरांच्या देखभालीचा व्यवसाय: दापोलीच्या ताईंना उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या यजमानांना इंग्लंडमध्ये कुशल कामगार व्हिसावर नोकरी मिळाली असून दोन महिन्यांनी आपणही तिकडे जाणार आहात. तिकडचे लोक कुत्र्यामांजरांना घरच्या माणसांसारखे वागवतात, तर त्यात आपल्याला काही व्यवसाय करता येईल का आणि हर्णैच्या सुक्या मासळीचा त्यांच्यासाठी खाऊ करून विकता येईल का, असे आपण विचारले आहे. मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली ९ वर्षे लीड्समध्ये हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम व्हिसाचे पाहावे. आपल्या यजमानांना त्या व्हिसावर स्वतःचा धंदा काढता येत नाही, परंतु त्यांच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून आपल्याला नोकरीही करता येते आणि व्यवसायही. त्यामुळे व्यवसाय पहिल्या दिवसापासून आपल्याच नावावर असावा. ६ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या करवर्षात एकूण मिळकत १,००० पौंडांच्या वर गेली की करखात्याकडे नोंदणी करावी लागते.

आपल्याकडे कुत्रा घरचा असतो, पण घरातला नसतो. आमचा मोत्या पडवीच्या पायरीवर झोपायचा, उरलेला भात आणि माशांची डोकी खायचा, आणि तरीही त्याच्यावर आमचा जीव होता. इकडे कुत्रा सोफ्यावर झोपतो, त्याचा आरोग्यविमा उतरवतात, आणि दवाखान्यात मालकिणीला सरळ त्याची ‘आई’ म्हणतात. हे पाहून कपडे, केक आणि खेळणी विकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या मालात मोठ्या दुकानांपुढे आपला निभाव लागणार नाही. नवख्या माणसाला खरी संधी आहे ती दिवसभर कामावर असणाऱ्या किंवा सुटीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या अडचणीत. ती माणसे आपल्या घराची किल्ली आणि आपला जीव की प्राण अनोळखी बाईच्या हाती देतात, आणि पैसे मोजतात ते त्या विश्वासाचे.

माझे पहिले गिऱ्हाईक म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या एक बाई. शस्त्रक्रियेसाठी जाताना त्यांनी आपल्या १४ वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी दोन पाने लिहून ठेवली होती: संधिवाताची गोळी चीजच्या तुकड्यात लपवून द्यावी, जिन्याजवळचा दिवा रात्रभर चालू ठेवावा, कारण अंधारात त्याला पायरी दिसत नाही. मी रोज संध्याकाळी ७ वाजता त्याचा फोटो पाठवत असे आणि गोळी किती वाजता दिली तेही कळवत असे. बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी मला आणखी पाच घरे मिळवून दिली; जाहिरातीवर मला एक पौंडही खर्चावा लागला नाही.

कुत्र्यांना फिरवून आणणे, मालकाच्याच घरी जाऊन खाणेपिणे पाहणे किंवा केस कापणे यांसाठी इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही. मात्र दायित्व विमा, म्हणजे आपल्यामुळे कुणाचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारा विमा, उतरवल्याशिवाय एकही कुत्रा हाती घेऊ नये. पैसे घेऊन कुत्री आपल्या घरी ठेवायची असतील, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा. त्यासाठी निरीक्षक घर पाहायला येतो, आणि घराला लागून स्वतःची, कुंपण असलेली मोकळी जागा असावी लागते. म्हणून भाड्याने घर घेण्यापूर्वीच याचा विचार करावा आणि घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. केस कापण्याची कला शिकून घेतली तर उत्तमच: कॉकापूसारख्या कुत्र्यांच्या दाट, कुरळ्या केसांच्या जटा होतात, त्यामुळे तेच गिऱ्हाईक दीड-दोन महिन्यांनी पुन्हा येते.

सुक्या मासळीचा बेत मात्र सोडून द्यावा. प्राणिजन्य पदार्थांपासून पाळीव प्राण्यांचे खाद्य बनवून विकायचे, तर घरच्या स्वयंपाकघरालाही सरकारी मान्यता लागते, आणि विक्रीसाठी असा माल भारतातून आणायचा तर आरोग्य प्रमाणपत्र आणि सीमेवरची तपासणी चुकत नाही. शिवाय आपल्या ताटातले प्रेमाने काही भरवू नये. कांदा, लसूण, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात.

राहिला आपला कुत्रा खंड्या, ज्याला बरोबर न्यायचे आपल्या मनात आहे. भारतातून नेताना त्याला आधी मायक्रोचिप बसवावी लागते आणि त्यानंतर, किंवा त्याच वेळी, रेबीजची लस द्यावी लागते. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि ती चांगली आली तर रक्त घेतल्या तारखेपासून ३ महिने थांबणे. शेवटी इंग्लंडमध्ये पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचे (पोटातल्या चपट्या जंतांचे) औषध. विमानाने तो मालवाहतुकीतूनच येतो. म्हणजे दोन महिन्यांनी तो आपल्याबरोबर निघू शकणार नाही. चिप आणि लस याच आठवड्यात उरकून घ्या, आणि मधल्या काळात त्याला ज्याची सवय आहे अशाच माणसाकडे ठेवा.